वऱ्हाडच्या म्हशी : एलिचपुरी आणि पूर्णाथडी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले परतवाडा लाकडाच्या व्यापारासाठी आणि मेळघाटचे प्रवेशद्वार म्हणून परिचित आहे. मात्र लगतच्या अचलपूरचे, म्हणजे जुन्या एलिचपूरचे, नाव म्हशीच्या एका जातीलाही लाभले आहे. नागपुरी या नावाने नोंदलेली ही जात एलिचपुरी आणि वऱ्हाडी या नावांनीही ओळखली जाते. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाचे नावही गवळ्यांशी जोडले जाते, इतकी या भागातील गोपालनाची परंपरा जुनी आहे.

नागपुरी म्हैस ओळखावी ती शिंगांवरून. लांब, चपटी, तलवारीसारखी शिंगे मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे वळून जवळजवळ खांद्यापर्यंत पोहोचतात. रंग काळा असून काहींच्या तोंडावर, पायांवर व शेपटीच्या गोंड्यावर पांढरे ठिपके आढळतात. चेहरा लांबट व निमुळता असतो. विदर्भाचा कडक उन्हाळा ही जात चांगला सोसते. रेडे चालीला मंद, पण जड ओझे ओढण्यास उपयुक्त मानले जातात.

पूर्णाथडी ही याच प्रदेशातील दुसरी जात. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या काठावरून तिला हे नाव मिळाले. नागपुरीच्या काळ्या रंगाउलट तिचा रंग पांढुरका ते फिकट तपकिरी असतो. हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

श्वानांच्या जातींना सहसा श्वानसंघ मान्यता देतात. जॅक रसेल टेरियर या चिमुकल्या कुत्र्याला ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१६ मध्ये मान्यता दिली. पशुधनाच्या नोंदणीत मात्र केवळ रूप पाहिले जात नाही. प्रदेश, संख्या, गुणवैशिष्ट्ये आणि ती पुढील पिढ्यांत टिकतात का, हेही तपासले जाते.

नोंद नसलेल्या जनावरांची गणना ‘अवर्णित’ गटात होते. दूधवाढीसाठी अशा म्हशींचा मुऱ्हा रेड्यांशी संकर केला जातो आणि मूळ गुण हळूहळू पुसले जातात. नोंदणीमुळे शुद्ध वळूंची निवड आणि संवर्धन योजना आखण्यास आधार मिळतो. जात टिकवण्याचे काम मात्र गोठ्यातच व्हायचे असते. शुद्ध रेडा पाळणे पशुपालकाला परवडले, तरच कागदावरील नोंदीला अर्थ राहील.