मुंबई बेटावरील चर्चांची दुफळी

मुंबईंतील रोमन कॅथलिक चर्चांचे जुने कागद हातीं घेतां एक गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे. एकाच धर्ममताचे लोक येथें दीर्घकाळ दोन निरनिराळ्या सत्तांच्या आज्ञेंत नांदत होते. ही दुफळी धर्मतत्त्वांची नव्हे. पाद्री कोणीं नेमावा, या अधिकाराची होती.

१६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्रजांस मिळाली व १६६५ त प्रत्यक्ष ताब्यांत आली. रोमन धर्माचरणाची मोकळीक तहानेंच राखिली होती. परंतु येथील पाद्री गोव्याच्या आर्चबिशपाच्या हाताखालचे, आणि त्याच्या नेमणुकीवर पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो नांवाचा हक्क चाले. आपल्या बेटावर परक्या राजाचें वजन असावें, हें कंपनीस रुचेना. १७२० त गव्हर्नर बून यानें पोर्तुगीज पाद्र्यांस घालवून कार्मेलाईट पंथाच्या व्हिकार अपोस्तोलिकास बोलाविलें. हा अधिकारी रोम येथें १६२२ त स्थापन झालेल्या प्रॉपगंडा या धर्मप्रसारमंडळाच्या आधीन असे.

१७८९ त चर्चें पुनः गोव्याकडे गेलीं, १७९१ त कार्मेलाईटांकडे परतलीं. अखेर १७९४ त त्यांची वांटणीच झाली. माझगांवचें ग्लोरिया व दादरचें साल्व्हासांव गोव्याकडे, आणि भुलेश्वरचें एस्पेरान्सा व माहीमचें सेंट मायकेल व्हिकार अपोस्तोलिकाकडे.

वांटणीनें तंटा मिटला नाहीं. १८५३ त माहीमच्या मंडळींतील एक पक्ष गोव्याकडे वळूं लागतांच बिशप हार्टमन हे सेंट मायकेल चर्चांत ठाण मांडून बसले व बाहेर विरोधकांचा वेढा पडला. शेवटीं सरकार मध्यें पडलें व चर्च गोव्याच्या पक्षास मिळालें. १८८६ च्या करारान्वयें ती बाजू दमणच्या बिशपाकडे आली, तरी दुहेरी अंमल चालूच राहिला. १९२८ च्या करारानें तो संपला. मात्र मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, असें ठरलें. ही अटहि १९५० त पोर्तुगालनें आपला हक्क सोडतांच सुटली.

संग्राहकांनीं यांतून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. बाप्तिस्म्याची वही वा पाद्र्याचें पत्र मिळाल्यास त्या सालीं तें चर्च कोणाच्या अंमलाखालीं होतें, हें आधीं ठरवावें. प्रॉपगंडा पक्षाच्या लिखाणांत गोव्याचे अनुयायी 'फुटीर' ठरतात. पण ते स्वतःस परंपरेचे खरे रक्षक समजत. एका दप्तरावर विसंबून दिलेला निवाडा हा इतिहास नव्हे, तो एका पक्षाचा दावा होय.