अध्यर्बुद आणि द्विरर्बुद : पुसद येथील एका शंकेच्या निमित्तानें

पुसद मुक्कामीं एका जुन्या वैद्यघराण्यांतील गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न केला. प्रस्तुत टिपण त्याच प्रश्नांतून निघालें आहे. त्यांच्या वडिलांस कांहीं वर्षांपूर्वीं गालाच्या आंतल्या बाजूस कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया होऊन ते बरे झाले व शेतीवाडी पूर्ववत् पाहूं लागले. पुढें अन्न गिळतांना अडथळा होऊं लागला म्हणून तपासणी केली, तों अन्ननलिकेंत गांठ निघाली. डॉक्टरांनीं कागदावर ‘दुसरा प्राथमिक कर्करोग’ असें लिहून दिलें. घरच्यांनीं त्याचा अर्थ ‘पहिलाच रोग पसरला’ असा केला. आमच्या गृहस्थांनीं घरांतील माधवनिदान काढलें. त्यांत एकापाठोपाठ दोन अर्बुदें होण्यास द्विरर्बुद हें नांव असून तें असाध्य म्हटलेलें आढळलें. तेव्हां त्यांनीं विचारलें, “शास्त्रच असाध्य म्हणतें, तर म्हाताऱ्यास नागपुरास नेऊन त्याचे हाल कशास करावयाचे?”

प्रश्न जिवाचा होता. परंतु त्याचें अर्धें उत्तर पोथीच्या अर्थनिर्णयावर अवलंबून होतें. म्हणून तेवढ्यापुरता तो आमच्या अधिकारांतला आहे असें आम्ही समजलों.

माधवकरानें हा श्लोक स्वतः रचलेला नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अकरावा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचा आहे, मूळ तेथील. माधवाचा काळ सामान्यतः इ. स. ७०० च्या सुमाराचा धरतात. त्यानें आपल्या रुग्विनिश्चयांत पूर्वग्रंथांतील वेंचे रोगवार लावले, आणि निदानासाठीं माधव हाच आधार मानण्याची रीत पडल्यामुळें आपल्याकडील वैद्यांस सुश्रुताचें हें वचन बहुधा माधवाच्याच द्वारें परिचित झालें. त्यावरील मधुकोश टीका विजयरक्षितानें आरंभिली. पण अश्मरीनिदानापुढील भाग त्याचा शिष्य श्रीकंठदत्त याचा आहे. अर्बुदाचें प्रकरण त्या पुढील भागांत येतें, म्हणून तेथील टीका उद्धृत करतांना विजयरक्षिताचें नांव घालणें चूक होय. ही चूक आम्हींहि पूर्वीं केली आहे.

सुश्रुताचें अर्बुदलक्षण थोडक्यांत असें : वाटोळी, स्थिर, फारशी न दुखणारी, मोठी, खोल मूळ असलेली, सावकाश वाढणारी व न पिकणारी मांसाची वाढ. तिचे वात, पित्त, कफ, रक्त, मांस व मेद यांवरून सहा प्रकार. हें सर्व सांगून झाल्यावर एका श्लोकांत दोन संज्ञा येतात. पूर्वीं झालेल्या अर्बुदाच्या ठिकाणीं जें दुसरें उत्पन्न होतें तें अध्यर्बुद. आणि जें जोडीनें होतें, मग तें एकाच वेळीं होवो वा क्रमानें होवो, तें द्विरर्बुद, तें असाध्य.

अलीकडे या श्लोकाचा अर्थ लावतांना अध्यर्बुद म्हणजे रोगाची पुनरावृत्ति आणि द्विरर्बुद म्हणजे त्याचा दूरवर झालेला प्रसार, असें समीकरण सर्रास मांडलें जातें. प्राचीनांस सर्व ठाऊक होतें हें दाखविण्याचा हेतु त्यामागें असतो. हेतु कसाहि असो, शब्दांवरून हा अर्थ निघत नाहीं असें आमचें मत आहे.

पहिला मुद्दा ‘अन्यत्’ या शब्दाचा. पूर्वजाताच्या ठिकाणीं जें होतें तें ‘अन्य’ आहे. तेंच पुनः झालें असें ग्रंथकार म्हणत नाहीं. तेंच पुनः होणें ही गोष्ट त्यास अज्ञात होती म्हणावें, तर तेंहि नव्हे. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांत त्यानें स्पष्ट बजावलें आहे कीं, दोष शेष ठेवून काढलेलीं अर्बुदें लौकर पुनः उद्भवतात व शिल्लक अग्नीप्रमाणें घात करतात, म्हणून तीं निःशेष काढावीं. तेथें पुनः होण्याचें क्रियापद आहे, शेष राहण्याचें कारण आहे. अध्यर्बुदाचें नांवहि नाहीं. एकाच ग्रंथांत दोन गोष्टी दोन प्रकारें सांगितल्या असतां त्या एक करण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?

दुसरा मुद्दा द्वंद्व या शब्दाचा. वैद्यकांत द्वंद्वज म्हटलें कीं दोन दोषांपासून झालेला विकार, ही प्रसिद्ध परिभाषा. तेव्हां येथेंहि तसेंच समजावें असें कोणी म्हणेल. परंतु दोषदूष्यांवरून केलेली मोजणी श्लोकाच्या आधींच संपलेली आहे. शिवाय ‘युगपत्’ व ‘क्रमात्’ हे शब्द दोन वस्तूंच्या उत्पत्तीसच नीट लागतात. म्हणून द्वंद्व म्हणजे जोडी. आतां ही जोडी एकमेकींपासून झाली, कीं दोन्ही स्वतंत्र झाल्या? श्लोक याविषयीं मौन धरतो. एकांतून दुसरें निघालें असें सांगणारा एकहि शब्द त्यांत नाहीं. जितकें लिहिलें आहे तितकेंच घ्यावें : दोन, एका वेळीं अथवा मागाहून.

गंमत अशी कीं, आजचे वैद्यहि नेमका हाच भेद करतात. दोन प्राथमिक कर्करोग सहा महिन्यांच्या आंत आढळले तर ते समकालीन, त्यानंतर आढळला तर क्रमागत, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणीं रूढ आहे. कांहीं नोंदणीपद्धतींत ही मुदत दोन महिन्यांची धरतात. पण एवढ्यावरून सुश्रुतास आजचें ज्ञान होतें असें म्हणणें म्हणजे वर ज्याचा निषेध केला तोच दोष करणें होईल. अर्बुद व कर्करोग यांची व्याप्तिहि एक नव्हे. कर्करोग हा शब्द तर पाश्चात्य वैद्यकांतील खेंकड्याच्या नांवावरून आलेला आहे.

दोन गांठी स्वतंत्र कीं एकीपासून दुसरी, हा निर्णय सूक्ष्मदर्शकावांचून होणें शक्य नव्हतें. गांठींची पेशीरचना योहानेस म्यूलर यानें १८३८ सालीं वर्णिली. १८८१ सालीं व्हिएन्ना येथें कर्करोगग्रस्त जठराचा भाग यशस्वी रीतीनें कापून काढणारा शल्यवैद्य बिलरोट यानें त्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्र कर्करोग ओळखण्याच्या कसोट्या घातल्या. त्या इतक्या कडक होत्या कीं थोडींच उदाहरणें त्यांस उतरत. १९३२ सालीं अमेरिकेंत वॉरन व गेट्स यांनीं त्या सैल केल्या : दोन्ही गांठी निश्चित मारक असाव्या, परस्परांहून वेगळ्या असाव्या, आणि एक दुसरीचा प्रसार असण्याचा संभव निरसलेला असावा. आजहि मूळ विचार हाच आहे.

आमच्या गृहस्थांच्या वडिलांस तोंड व अन्ननलिका हींच दोन स्थानें कां लाभलीं, याचेंहि उत्तर आहे. मुंबईस २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत लोकांच्या चालीरीतींशीं कर्करोगाचा संबंध जोडून दाखविला : धोतराच्या घट्ट गांठणीमुळें कमरेवर होणारा, ओठाआड खैनी धरल्यामुळें तेथें होणारा, इत्यादि. पुढें १९५३ सालीं स्लॉटर व त्याचे सहकारी यांनीं मुखाच्या कर्करोगाचे ७८३ रोगी तपासले, त्यांत ८८ जणांस एकाहून अधिक स्वतंत्र गांठी आढळल्या. त्यांनीं अनुमान केलें कीं, तंबाखूसारखें कारण एका बिंदूवर नव्हे, तर सबंध क्षेत्रावर परिणाम करतें. शेतांत एके जागीं तण उपटलें तरी त्याच जमिनींत दुसरीकडे तें उगवूं शकतें. तंबाखूचा रस व धूर जेथून जातो तें तोंड, घसा, अन्ननलिका हें सर्व एक शेत. तंबाखू व पानाची चंची आमच्या वऱ्हाडांत किती घरोघर आहे हें पुसदकरांस सांगावयास नको. आनुवंशिकता, पूर्वीं दिलेले किरणोपचार व दीर्घायुष्य हींहि इतर कारणें आहेत. त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

राहतां राहिला ‘असाध्य’ हा शब्द. सुश्रुतानें रक्तार्बुद व मांसार्बुद यांसहि असाध्यच म्हटलें आहे. शस्त्र, क्षार व अग्नि एवढींच साधनें हातीं असतां, पूर्ण बधिर करण्याची सोय नसतां, एकाच देहांत दोन मूळ धरलेलीं अर्बुदें पाहून प्रामाणिक वैद्यानें दुसरें काय म्हणावें? तो निर्णय त्या काळच्या साधनांचा होय.

आम्हीं गृहस्थांस इतकेंच सांगितलें : श्लोकांत ‘पसरलें’ असें कोठेंहि नाहीं, आणि तुमच्या डॉक्टरांच्या कागदावरहि नाहीं. पसरलेला रोग व नवा रोग यांच्या उपचारांची आशा सारखी नसते; नवा रोग आरंभीं सांपडला तर तो पहिल्याप्रमाणें काढतां येण्याजोगा असूं शकतो. पुढचें वैद्यास विचारा. चार दिवसांनीं पितापुत्र नागपूरच्या गाडींत बसले.

आतां संग्राहकांस एक विनंति. सुश्रुतसंहिता प्रथम कलकत्त्यास १८३५–३६ सालीं मधुसूदन गुप्त यांनीं छापविली. पुढें निर्णयसागरांतून जादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या टीकेसह काढलेली प्रत सर्वांच्या हातीं आहे. काठमांडूस इ. स. ८७८ ची लिखित प्रत जपलेली आहे. परंतु वऱ्हाडांतील माधवनिदानाच्या घरगुती पोथ्यांचे पाठ कोणी ताडून पाहावे असें आम्हांस वाटतें. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांत होता, तेव्हां शोध वाशीमकडे व पूर्वेस माहुराकडेहि करावा. ज्यांच्यापाशीं पोथी असेल त्यांनीं अर्बुदप्रकरणांतील हा एक श्लोक काढून ‘अध्यर्बुद’, ‘अन्यत्’ व ‘द्वंद्व’ हीं तीन पदें कशीं लिहिलीं आहेत, आणि समासांत कोणा वैद्यानें मराठींत कांहीं टिपलें आहे काय, एवढें उतरून पाठवावें. पोथी पाठविण्याची आवश्यकता नाहीं.