सत्य वाहणारा व्हेरिलेटर

व्हेरिलेटर हे नाव एखाद्या औषधाच्या बाटलीवरही शोभले असते. प्रत्यक्षात तो टर्मिनलवर टंकायचा एक हुकूम. (‘हुकूम’ अरबी, हाकीम, हकीम, हुकूमत सगळे त्याच ह-क-म धातूचे.) व्हेरिलॉगमधले चिपचे वर्णन त्याला द्यावे, ‘सीसी’ हा पर्याय जोडावा, की सी प्लस प्लस हाती येते. मॉड्यूलचे नाव ‘काउंटर’ असेल तर तयार होणारा क्लास ‘व्हीकाउंटर’. तो ‘व्ही’ घराण्याचा शिक्का असावा.

नाव म्हणजे ‘व्हेरिलॉग’चे डोके आणि ‘ट्रान्सलेटर’चे शेपूट असे दिसते. व्हेरिलॉगही जोडशब्दच. १९८०च्या दशकात गेटवे डिझाइन ऑटोमेशनमध्ये फिल मूर्बी आणि प्रभू गोयल यांनी घडवलेल्या या भाषेत ‘व्हेरिफिकेशन’ आणि ‘लॉजिक’ एकत्र आले. पहिल्यात लॅटिन ‘वेरुस’, खरा. दुसऱ्याच्या मुळाशी ग्रीक ‘लोगोस’, वचन किंवा विचार. नकळत ‘सत्यवचन’च झाले म्हणायचे.

खरी गंमत शेपटात आहे. लॅटिन ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. हा आपल्या ‘भृ’चा सख्खा भाऊ, भार, भारा, भरणे त्याच घरचे. पण भूतकाळात हे क्रियापद परक्या धातूचे रूप घेते, ‘लातुस’. आपले ‘जाणे’ नाही का ‘गेला’ होत? ‘लातुस’ आधी ‘त्लातुस’ असावे. त्याचा धातू उचलण्या-पेलण्याचा, आणि त्याच कुळात संस्कृत ‘तुला’ येते. म्हणजे तोल, तोलणे आणि सराफाचा तोळा हे ट्रान्सलेटरचे दूरचे नातलग ठरतात! लॅटिनमध्ये ‘लातोर’ स्वतंत्रपणेही चालतो: ‘लेगिस लातोर’, कायदा मांडणारा, त्यावरून लेजिस्लेटर. त्याच चालीवर ‘वेरी लातोर’ म्हणजे सत्य वाहणारा. नामकरणात एवढा विचार झाला असेल असे वाटत नाही. १९९४ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये पॉल वॅसन यांनी व्हेरिलेटरची कल्पना काढली, तेव्हा व्हेरिलॉगमधून निघालेले सी अल्फा प्रोसेसरच्या सीमधल्या नमुन्याला जोडायचे होते.

आणि हा सत्यवाहक थोडा लबाडही आहे. व्हेरिलॉगमध्ये तारेला चार अवस्था: ०, १, अज्ञात ‘एक्स’ आणि तुटलेल्या जोडणीचा ‘झेड’. व्हेरिलेटरचा कारभार मुख्यतः ० आणि १ यांवर चालतो; वेगाच्या हव्यासापायी हमालाने दोन गाठोडी वाटेतच उतरवावीत तसा. ‘आहे, नाही, दोन्ही, दोन्हीही नाही’ अशी चतुष्कोटी मांडणाऱ्या बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला हा व्यवहार पटला नसता.

एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेण्याच्या या कामाला मराठीत काय म्हणावे? ‘तर्जुमा’ आपल्याकडे फारसीमार्गे आला. मूळ अरबी, त्यामागे आरामाईक ‘तर्गुम’ आणि अक्कादी ‘तर्गुमन्नु’, दुभाष्या. युरोपात तोच ‘ड्रॅगोमन’ झाला. शब्द भारदस्त खरा, पण त्यात माणूस बोलताना ऐकू येतो. ‘भाषांतर’ सरधोपट. मला ‘अनुवाद’ जवळचा वाटतो, आणि तो ‘अनु’मुळे. अनुवाद म्हणजे मूळच्या मागोमाग बोलणे. व्हेरिलॉगमध्ये घड्याळाच्या एका ठोक्यावर एकेक बिट साठवणारे शेकडो फ्लिपफ्लॉप एकदम हलतात. सी प्लस प्लसमध्ये एकामागून एकच ओळ चालते. कोणती ओळ आधी, कोणती मागून, हे ठरवण्यातच व्हेरिलेटरची बरीचशी हुशारी खर्च होते. ‘अनुक्रम’ आणि ‘अनुवाद’ यांतला ‘अनु’ एकच, हे इथे फार सोयीचे पडते.