फ्रिजच्या गरम हवेचं आजोळ

दुकानातल्या मोठ्या फ्रिजमागे फेकली जाणारी उष्णता पाणी तापवायला वापरायची, या युक्तीचं मूळ बहुतेक जण 1852 सालात दाखवतात. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी तेव्हा कागदावर मांडलं की थंड करणाऱ्या यंत्रानं इमारत उबदारही ठेवता येईल. माझ्या मते या कुळीचं आजोळ उसात आहे.

गुऱ्हाळावर जाऊन बघा. चुलवाणात चिपाडं पेटलेली, काहिलीत रस उसळतोय, गुळव्या मळी काढतोय आणि वाफ छपरातून चालली आहे. जळणाची बरीचशी कमाई तिच्याबरोबरच जाते. लुइझियानात हेच चालायचं. न्यू ऑर्लीन्सच्या नॉर्बर्ट रिल्यूनं 1843 मध्ये त्यावर पेटंट घेतलं: पहिल्या भांड्यातल्या वाफेनं दुसऱ्यातला रस उकळायचा. दुसऱ्यात दाब कमी ठेवला की रस कमी तापमानालाच उकळतो, आणि एका वाफेत दोन-तीन भांडी निघतात. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्यासारख्या कुठल्याही साखर कारखान्यात रस आटवायला ओळीनं उभ्या बॉड्या याच तत्त्वाच्या.

केल्विनपक्षीय म्हणतील, यात कंप्रेसर कुठे आहे? रिल्यूची उष्णता उतारानंच वाहते. फ्रिज तिला चढावर नेतो. आक्षेप रास्त आहे. पण चढावाची पहिली पायरीही उकळत्या भांड्यातच सापडते. ऑस्ट्रियात एबेन्से इथल्या मिठाच्या कारखान्यात पेटर रिटिंगर यांनी 1856 च्या सुमारास खाऱ्या पाण्याची वाफ यंत्रानं दाबून आणखी तापवली आणि त्याच पाण्याला परत दिली. साखरवाल्यांची विद्या त्यांच्या कानावर आली नसेल, हे मला पटत नाही. मीठ काय, साखर काय, पाणी आटवण्याचा खर्च दोघांनाही सारखाच छळतो.

पुढचं सरळ आहे. फ्रिजच्या कंप्रेसरमधून निघालेला तापलेला गॅस कंडेन्सरकडे जाण्याआधी पाण्याच्या नळ्यांशेजारून फिरवायचा. युरोपातली सुपरमार्केटं अशा उष्णतेवर दुकानही उबदार ठेवतात. कोल्हापुराला ती गरज नाही, पण दूध आहे. 1000 लिटर दूध 35 अंशांवरून 4 वर आणताना साधारण 34 युनिट उष्णता बाहेर पडते. कंप्रेसरनं खाल्लेली वीज त्यात आणखी मिळते. सगळी नळाला येणार नाही. तरी दूध टँकरमध्ये भरलं की बल्क कूलर आणि कॅन धुवायला गरम पाणी लागतंच. ही उष्णता आधी तिथे वळवावी.