खुंबूतल्या शाळा: भिंती गावच्या, पत्रे बाहेरचे

नेपाळमधील एव्हरेस्टच्या दक्षिणेकडचे खुंबू खोरे हा शेर्पांचा मुलूख. तेथे १९६०पर्यंत अक्षरओळख होत असे ती मुख्यतः गोम्पांत म्हणजे बौद्ध मठांत, तीही तिबेटी लिपीची. राणांच्या राजवटीत, म्हणजे १९५१पर्यंत, सर्वसामान्यांच्या शिक्षणाला राजधानीतच उत्तेजन नव्हते. मग इतक्या उंचावर कोण शाळा काढणार?

खोऱ्यातल्या खुमजुंग गावची शाळा जन्मली ती यतीच्या शोधातून. एडमंड हिलरी यांची १९६०-६१ची मोहीम शिकागोच्या एका विश्वकोश-प्रकाशकाच्या पैशावर निघाली होती. यतीची म्हणून गोम्पात जपलेली टाळू गावकऱ्यांनी सहा आठवड्यांच्या बोलीवर दिली आणि गावचे खुंजो चुंबी तिच्यासोबत परदेशी गेले. तज्ज्ञांनी ती एका रानबकरीसारख्या प्राण्याच्या कातड्याची ठरवली. गावाला हिलरींकडून शाळा हवी होती. यती हाती लागला नाही, शाळा मात्र लागली.

पहिली इमारत अॅल्युमिनियमच्या सुट्या भागांची होती. विमानाने मिंगबोच्या उंच धावपट्टीवर उतरवलेले भाग हमालांनी पाठीवरून खुमजुंगला आणले. शेर्पा भाषा जाणणारे शिक्षक दार्जिलिंगहून आले. इमारतीइतकीच ही निवडही महत्त्वाची होती.

पुढे हिलरींच्या हिमालयन ट्रस्टच्या कामातून थामे, पांगबोचे, नामचे अशा गावांत शाळा उभ्या राहिल्या. तेथे दगड, लाकूड, श्रम गावचे आणि पत्रे, काचा, खिळे बाहेरचे, अशी वाटणी असे. हा बाहेरचा माल अनेक दिवस चालत आणावा लागे. तो जवळ उतरवता यावा म्हणून १९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी तयार झाली. मऊ जमीन घट्ट व्हावी म्हणून शेर्पा तीवर हातात हात गुंफून नाचले. तीच धावपट्टी पुढे पर्यटकांचे दार बनली. शाळेसाठी झालेल्या या सोयीने खोऱ्याचे अर्थकारण पालटले, असे म्हणणे फारसे धाडसाचे नाही.

बांधण्यापेक्षा टिकवणे अवघड होते. मातीत रचलेल्या दगडी भिंतींत पावसाचे पाणी मुरते, थंडीत गोठून फुगते आणि सांधे सुटतात. वारा पत्रे उचकटतो. १९७१च्या राष्ट्रीय शिक्षण योजनेनंतर शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या, नेपाळी माध्यम पक्के झाले, तरी डागडुजीची गरज काही सुटली नाही.

एप्रिल आणि मे २०१५च्या भूकंपांत खुंबूतल्या अनेक दगडी वर्गखोल्या ढासळल्या. थामे गावावर १६ ऑगस्ट २०२४ रोजी हिमतळ्याचा लोंढा आला. घरांबरोबर शाळा आणि दवाखानाही त्याच्या तडाख्यात सापडले.