सांडलेली कॉफी आणि वीस टक्के दोष

स्वतःच्या हातून कॉफी सांडली, अंग भाजलं, तर विकणाऱ्याचा काय दोष? ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरातल्या बारा ज्युरींपुढे हाच प्रश्न आला. कॉफी सांडण्यासारख्या किरकोळ गोष्टीसाठी आपल्याला कामधंदा सोडून कशाला बसवलं, असं त्यांतल्या काहींना सुरुवातीला वाटत होतं. मग जखमांचे फोटो त्यांच्यासमोर आले.

घटना २७ फेब्रुवारी १९९२ ची. ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या गाडीत त्याच्या शेजारी बसल्या होत्या. मॅकडोनाल्ड्समध्ये गाडीतूनच ऑर्डर द्यायच्या खिडकीवर ४९ सेंटची कॉफी घेतली आणि त्यांना दूध-साखर घालता यावी म्हणून नातवाने गाडी बाजूला उभी केली. गाडीत कप ठेवायला जागा नव्हती. लीबेकबाईंनी कप दोन गुडघ्यांमध्ये धरला आणि झाकण ओढलं. कॉफी मांडीवर सांडली. अंगात सुती स्वेटपँट होती. कापडाने कॉफी शोषली आणि कातडीशी धरून ठेवली. शरीराचा सहा टक्के भाग थर्ड डिग्री भाजला, म्हणजे तिथली त्वचा पूर्ण जाडीपर्यंत गेली. आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, दुसरीकडची त्वचा लावावी लागली, उपचार दोन वर्षं चालले.

लीबेकबाईंनी कंपनीकडे सुमारे २०,००० डॉलर मागितले होते. कंपनीने देऊ केले ८००.

खटल्यात बोलणं आलं ते तापमानावर. कंपनीच्या नियमानुसार कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियसला ठेवली जाई. घरची कॉफी साधारण साठ अंशांच्या आसपास असते. ८२ अंशांचा द्रव दोन ते सात सेकंदांत त्वचा आरपार भाजतो, अशी साक्ष झाली. लोक कॉफी घेऊन जातात आणि घरी किंवा ऑफिसात पोचल्यावर पितात, म्हणून ती इतकी गरम लागते, हा कंपनीचा बचाव. पण बरीच गिऱ्हाइकं गाडीतच प्यायला सुरुवात करतात, हे कंपनीच्याच पाहणीत दिसलं होतं. शिवाय १९८२ ते १९९२ या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. कंपनीच्या तज्ज्ञाच्या मते एवढ्या कपांच्या हिशेबात हा आकडा शून्यातच जमा!

ज्युरींनी दोष वाटून दिला: ऐंशी टक्के कंपनीचा, वीस टक्के लीबेकबाईंचा. दोन लाखांची भरपाई त्यामुळे १,६०,००० वर आली. त्यावर दंड म्हणून २७ लाख डॉलर, म्हणजे कंपनीच्या कॉफीची अंदाजे दोन दिवसांची विक्री. न्यायाधीशांनी कंपनीचं वागणं बेफिकिरीचं ठरवलं, तरी दंड ४,८०,००० वर आणला. पुढे दोन्ही बाजूंनी कोर्टाबाहेर तडजोड केली. रक्कम गुलदस्त्यातच राहिली.

बाहेर मात्र गोष्ट तोंडोतोंडी वेगळीच झाली. बाई गाडी चालवत होत्या, कॉफी सांडली आणि लखपती झाल्या! वीस टक्के, सातशे तक्रारी, कातडीचे तुकडे, सगळं गळून पडलं. उरले ते लाखांचे आकडे. त्याच सुमाराला रिपब्लिकन पक्षाने नुकसानभरपाईच्या दाव्यांना लगाम घालण्याचं आश्वासन जाहीरनाम्यात दिलं होतं. या बाईंची गोष्ट प्रचाराला आयतीच मिळाली. १९९५ मध्ये ‘साइनफेल्ड’ या विनोदी टीव्ही मालिकेने अशाच खटल्याची टर उडवली. पुढे फालतू दाव्यांना ‘स्टेला’ यांच्या नावाने उपरोधिक पुरस्कारही दिले जाऊ लागले. जखमांचे फोटो आणि कागदपत्रं लोकांपुढे पुन्हा मांडणारा ‘हॉट कॉफी’ हा माहितीपट आला तो २०११ मध्ये. लीबेकबाई २००४ मध्येच गेल्या होत्या.

इंग्लंडमध्ये निकाल उलटा लागला. २००२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात याच कंपनीविरुद्ध चहा-कॉफीने भाजलेल्यांचे दावे एकत्र चालले. दावेदारांत लहान मुलं बरीच होती. खोल भाजण्याचा धोका टाळायचा तर पेय ५५ ते ६० अंशांवर द्यावं लागेल, पण चहाला उकळतं पाणीच हवं आणि लोकांनाही पेय गरमच हवं असतं, असं न्यायमूर्तींचं म्हणणं. कप मजबूत होता, झाकण नीट बसत होतं. मग कंपनीने आपलं काम केलंच होतं. दावे फेटाळले गेले.

अमेरिकेत पुन्हा मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरींनी स्टारबक्स या कॉफी कंपनीला पाच कोटी डॉलर भरायला सांगितले. खिडकीतून पेयांचा ट्रे घेताना एका डिलिव्हरीवाल्याच्या मांडीवर गरम पेय सांडलं होतं. पेय किती गरम होतं यापेक्षा ट्रेच्या खाचेत कप घट्ट बसवला होता की नाही, यावर इथे भर होता. बसवला नव्हता, असं ज्युरींनी मानलं. निकाल मान्य नसल्याचं सांगून कंपनीने अपिलाचा इरादा जाहीर केला.