एका चाकावर लांबचा पल्ला

सर्कशीतली एकचाकी सायकल आपण सर्वांनीच पाहिलेली असते. रिंगणात दोन-तीन फेऱ्या, डोक्यावर कपबशांची उतरंड, टाळ्या, आणि स्वार पडद्याआड. तीच सायकल घेऊन कोणी शंभर मैलांच्या, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटरच्या रस्त्यावरील सायकलफेरीला येऊन उभा राहिला, तर आपल्याला ती थट्टा वाटेल. पण ९ ऑगस्ट १९८७ रोजी ताकायुकी कोइके या जपानी स्वाराने एका चाकावर शंभर मैल ६ तास ४४ मिनिटांत पार केले होते. सरासरी वेग ताशी जवळजवळ २४ किलोमीटर! आपल्या साध्या काळ्या सायकलवर हा वेग पाऊण तास टिकवून पाहावा, म्हणजे या आकड्याची किंमत कळते.

थोडा हिशेब करू. सर्कशीतल्या सायकलचे चाक साधारण २० इंच व्यासाचे असते, म्हणजे परिघ १.६ मीटर. पायडल थेट चाकाच्या आसाला जोडलेले असल्यामुळे पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. या चाकावर शंभर मैल जायला पायडलच्या एक लाख फेऱ्या लागतात. मिनिटाला शंभर फेऱ्या मारल्या, आणि मध्ये क्षणभरही थांबले नाही, तरी जवळजवळ सतरा तास. अशा सायकलवर लांबचा पल्ला अशक्यच आहे. मग लांब पल्ल्याच्या स्वारांनी केले काय? त्यांनी चाक मोठे केले. सांगायला सोपे, पण हे मोठे चाक मिळायला त्यांना शंभर वर्षे वाट पाहावी लागली, आणि त्याचे कारण सायकलच्या इतिहासात दडलेले आहे.

इंचांत मोजलेला गिअर

शाळेच्या आवारातली कोणतीही जुन्या धाटणीची सायकल घ्या. चाक २८ इंची. समजा पुढच्या चकतीला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला २०. चव्वेचाळीस भागिले वीस म्हणजे २.२. पायडलच्या एका फेरीत मागचे चाक २.२ वेळा फिरते. २८ ला २.२ ने गुणले की येतात ६१.६. याचा अर्थ असा, की चेन काढून टाकली, पायडल थेट चाकाला जोडले आणि तरीही एका फेरीत तेवढेच पुढे जायचे ठरवले, तर चाक ६१.६ इंच व्यासाचे, म्हणजे दीड मीटरहून उंच लागेल. (हे मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे खडूची खूण करायची, पायडल बरोबर एक फेरी फिरवत सायकल पुढे ढकलायची आणि टेपने अंतर मोजायचे. ते ४.९ मीटरच्या आसपास भरेल. प्रत्येकाच्या सायकलचे दाते वेगळे निघतात, त्यामुळे उत्तरेही वेगळी येतात आणि वर्गात वाद चांगला रंगतो.)

इंग्लंड-अमेरिकेतले सायकलस्वार गिअर अजूनही इंचांत सांगतात. 'माझा गिअर ७० इंचांचा' असे म्हणणाऱ्याच्या सायकलवर ७० इंचांची कुठलीच वस्तू नसते. ते माप अशा एका चाकाचे आहे, की जे रस्त्यावरून नाहीसे होऊन शतक उलटले. जीवाश्मे फक्त खडकांतच सापडतात असे नाही.

ते चाक आले कुठून? ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआं अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. गावातून गावाकडे जाणारी ही पहिली मोठी सायकलशर्यत मानली जाते. वाहनाला कुत्रा जुंपायचा नाही आणि शीड लावायचे नाही, असा नियमच होता. त्यावरून कोणकोणत्या कल्पना घेऊन लोक येतील अशी संयोजकांना धास्ती होती, ते कळते. पॅरिसमध्ये राहणारा इंग्रज जेम्स मूर पहिला आला, १० तास ४० मिनिटांत. 'मिस अमेरिका' असे टोपणनाव घेतलेल्या एका स्त्रीने एकोणतिसावा क्रमांक मिळवला. मूरच्या वाहनाच्या आसाला बॉल बेअरिंग होते, आणि पायडल पुढच्या चाकाला थेट जोडलेले होते, म्हणजे आजच्या एकचाकीला असतात तसेच.

वेग वाढवायचा तर चाक वाढवणे एवढाच मार्ग मग उरला. लाकडी आऱ्यांचे चाक वाढवले की ते भलतेच जड होते. त्याच वर्षी पॅरिसच्या यूजेन मेयेरने तारेच्या आऱ्यांचे चाक केले. बैलगाडीचा आरा वरून आलेला भार दाब सोसून पेलतो. तारेला दाब सोसवत नाही, ती वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. भार आला की खालच्या तारांचा ताण तेवढा कमी होतो, इतकेच. या युक्तीमुळे चाक मोठे असूनही हलके राहू लागले, आणि १८७० च्या दशकात पुढचे चाक ५०, ५४, ५६ इंचांपर्यंत वाढत गेले. पुढची मर्यादा धातूची नव्हती, स्वाराच्या पायांच्या लांबीची होती. ज्याचे पाय लांब त्याला मोठे चाक, म्हणून वेगही जास्त. सायकलच्या वेगाचा निर्णय माणसाच्या उंचीने व्हावा, असा हा विचित्र काळ होता.

या उंच सायकलवरून टॉमस स्टीव्हन्स १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून जगप्रवासाला निघाला. चाक ५० इंची, टायर म्हणजे घन रबराची पट्टी. अफगाणिस्तानातून त्याला परत पाठवण्यात आले, तेव्हा तो समुद्रमार्गे कराचीला आला आणि १८८६ साली लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रस्त्याने सायकलवर गेला. डिसेंबरात योकोहामाला त्याचा प्रवास संपला. अशा सायकलवर स्वाराचा गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या जेमतेम मागे असे. चाक दगडाला अडले की सगळी सायकल आसाभोवती पुढे फिरे आणि स्वार डोक्यावर पडे, कारण पाय हँडलखाली अडकलेले. उतारावर किंवा ब्रेक लावताना मागचे छोटे चाक हवेत उचलले जाई. काही धीट स्वार ते तसेच अधांतरी ठेवून चालवू लागले आणि त्यातून एकचाकी जन्मली, असे मानले जाते. एका चाकाच्या वाहनांची अमेरिकन पेटंटे १८६९ आणि १८८१ सालची आहेत.

हुकलेली भेट

१८८५ साली जॉन केंप स्टार्लीने 'रोव्हर' सायकल आणली. चेन आणि दोन दातेरी चक्रे लावून त्याने चाकाचा आकार आणि गिअर यांची फारकत केली. माझ्या मते सायकलच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. आता गिअर दात्यांच्या संख्येने ठरणार होता, पायांच्या लांबीने नाही. बुटक्या माणसाला, साडी किंवा झगा नेसणाऱ्या स्त्रीला, पन्नाशीच्या गृहस्थालाही तोच गिअर मिळू लागला.

तरी एक अडचण राहिली होती. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल जाते आणि हादरे जास्त बसतात. त्या काळच्या रस्त्यांवर मोठ्या चाकाचा हा खरा फायदा होता. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि तो फायदाही संपला. सप्टेंबर १८९१ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँने ७१ तास २२ मिनिटांत जिंकली, ती चेनच्या सायकलवर आणि मिशलँच्या हवेच्या टायरवर. उंच चाक त्यानंतर टिकणे शक्यच नव्हते.

म्हणजे हवेचा टायर निघाला तेव्हा मोठे चाक मरणपंथाला लागलेले होते. या दोघांची भेट झाली ती अगदी ओझरती. १८९० नंतर थोड्याफार उंच सायकलींना हवेचे टायर बसवले गेले. लंडनच्या क्रिप्टो कंपनीने तर पुढच्या आसातच सूर्य-ग्रह पद्धतीची दंतचक्रे घालून, चेनशिवाय गिअर वाढवून दाखवला. यंत्र म्हणून ते सुबक होते. पण गिऱ्हाईक चेनच्या सायकलकडे वळले होते, आणि काही वर्षांत हा प्रयोग विसरला गेला.

मोठ्या चाकाचे टायर मग कोणी बनवीना. एकचाकी सर्कशीत आणि रंगमंचावर गेली, तिथे जागा थोडी असल्याने लहान चाकच बरे. पुढे तिच्या शर्यतीही सुरू झाल्या. १९८२ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि मैदानी शर्यतींत २४ इंची वर्गाचा टायर ६१८ मिलिमीटरहून मोठा नको, क्रँक १२५ मिलिमीटरहून आखूड नको, असे नियम आले. रस्त्यावरचे लांब पल्ल्याचे स्वार मात्र एकांडे शिलेदार राहिले. ऑस्ट्रेलियाच्या हान्सपीटर बेकने १९८५ साली ५२ दिवसांत ६२०० किलोमीटरहून जास्त अंतर एका चाकावर कापले, म्हणजे रोजचे १२० किलोमीटर. मोठे चाक हवे असेल त्याने ते स्वतः घडवून घ्यावे आणि स्टीव्हन्ससारखी घन रबराची पट्टी लावावी, अशीच स्थिती होती.

कोंडी फुटली ती अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेत चॅटनूगा शहरातली कोकर ही कंपनी जुन्या, संग्रहातल्या मोटारींसाठी टायर बनवते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने ३६ इंची हवेच्या टायरची एकचाकी बाजारात आणली. परिघ २.८७ मीटर. शंभर मैलांच्या फेऱ्या एक लाखावरून ५६ हजारांवर आल्या. आपल्या काळ्या सायकलला त्याच अंतरासाठी ३३ हजार लागतात, आणि त्यांतल्याही उतारावरच्या फुकट मिळतात.

रस्त्यावर

या 'फुकट' शब्दातच एकचाकीचे खरे दुखणे आहे. तळहातावर केरसुणीचा दांडा उभा धरून पाहा. दांडा पुढे कलला की हात पुढे न्यावा लागतो, मागे कलला की मागे. एकचाकीवर शरीर म्हणजे तो दांडा आणि चाक म्हणजे हात. वेग वाढवायचा तर आधी पुढे झुकायचे, मग चाक त्याखाली आणायचे. थांबायचे असेल तर उलट, म्हणून झटकन थांबता येतच नाही. चाकाशी हा संवाद फक्त पायडलमधून होतो. तो क्षणभर तुटला की स्वार खाली. त्यामुळे पायांना विश्रांती नाही. दुचाकीवर वजन हात, सीट आणि पायडल यांत वाटले जाते, इथे बहुतेक सगळे सीटवर. लांब पल्ल्याच्या स्वारांची पहिली तक्रार पायांची नसते, बसण्याच्या जागेची असते. म्हणून ते सीटला पुढे एक दांडा जोडून हातांचा थोडा आधार घेतात.

चढ कठीण, हे कोणीही सांगेल. पण उतार त्याहून कठीण. चाक धावू पाहते आणि पाय त्याला मागे दाबून धरतात. स्नायू ताणले जात असतानाच जोर लावायचा, हे काम त्यांना फार जाचते. सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. तोच प्रकार. म्हणून रस्त्यावरच्या एकचाकीला सीटखाली ब्रेकची खटकी असते. वेग ब्रेकने रोखायचा आणि पाय तोलासाठी मोकळे ठेवायचे.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसची शर्यत पुढे बंद झाली, पण त्याच मार्गावर ९० तासांत पुरी करायची बिनशर्यतीची फेरी आजही होते. तिच्यासाठी पात्र ठरायला 'ब्रेवे' नावाच्या फेऱ्या असतात. त्या आता पुण्या-मुंबईतही होतात. वाहन केवळ स्वाराच्या ताकदीवर चालले पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. चाकांच्या संख्येवर काही अडत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ३६ इंची चाकावर ही वेळ गाठायची तर न थांबता मिनिटाला ८६ फेऱ्या हव्यात. जेवण, पाणी, शिक्के यांसाठी दीड तास सोडला, तर ९७. जमण्यासारखे आहे, पण हातात फारसे काही उरत नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ इथे सॅम वेकलिंगने २४ तासांत जवळजवळ ४५४ किलोमीटर अंतर एका चाकावर कापले. ३६ इंची चाक धरून हिशेब केला तर १ लाख ५८ हजार फेऱ्या होतात, म्हणजे दिवस-रात्र मिनिटाला ११०. पुढच्या जूनमध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात यार्मथ ते बडेक अशी ८०० किलोमीटरची, पाच टप्प्यांची शर्यत फक्त एकचाकींसाठी झाली. तीन-तीन स्वारांचे संघ, आळीपाळीने चालवायचे.

याच सुमारास स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फने एकचाकीच्या आसात बसणारा गिअर बनवला. आत तीच सूर्य-ग्रह रचना, जी क्रिप्टोने शंभर वर्षांपूर्वी वापरली होती. क्रँकजवळची कळ चालताचालता टाचेने दाबली, की पायडलच्या एका फेरीत चाक सुमारे १.५५ वेळा फिरते. ३६ गुणिले १.५५ म्हणजे जवळपास ५६ इंच. उंच सायकलच्या काळातल्या लांब पायांच्या स्वाराचे चाक बरोबर एवढेच असे.

फ्रीव्हील मात्र एकचाकीला मानवत नाही. ते बसवून पाहणारे थोडे हौशी आहेत. पुढे झुकले की पायडल मारायचे आणि मागे कलले की ब्रेक लावायचा, असे ते तोल राखतात. पण लांब पल्ल्याला निघणारा स्वार अजून तरी या भानगडीत पडत नाही. सोबतचे सायकलस्वार पाय थांबवून घाट उतरत त्याच्या पुढे निघून जातात, आणि तो मागून पायडल मारत येत असतो.